कवडशांचं झाड

“बेगोनिया सावलीत येतो ना?” हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारला आहे, की ही पुस्तिका म्हणजे त्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तरच आहे. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा नुकतंच विकत घेतलेलं रोप असतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं, तुकतुकीत पानांचं, गुलाबी फुलांनी भरलेलं. मी नुसतं “हो” म्हटलं, तर ते रोप जिन्याच्या वळणावर जाऊन बसतं आणि महिन्या-दोन महिन्यांत लांबुळकं होऊन कुजतं. “नाही” म्हटलं, तर ते गच्चीच्या कठड्यावर चढतं आणि आठवड्याभरात करपतं. दोन्ही उत्तरं फसवी ठरतात, कारण प्रश्नातला ‘सावली’ हा शब्दच फार सैल आहे.

आंब्याखालची ती सावली, भिंतीआडची तीही सावली आणि पत्र्याच्या शेडखालची तीही सावलीच. चालून दमलेल्या माणसाला तिन्हीकडे सारखंच हायसं वाटतं. झाडाला मात्र या तीन जागा म्हणजे तीन वेगळे मुलुख आहेत. आंब्याखाली पानापानांतून ऊन झिरपत असतं. भिंतीआड ऊन येत नाही, पण डोक्यावरचं उघडं आकाश भरपूर उजेड देतं. शेडच्या आत चार पावलं गेलं, की ऊनही नाही आणि आकाशही नाही. आपल्या डोळ्यांना हा फरक नीट कळत नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, उघड्या आकाशाखालच्या सावलीत दहा-वीस हजार आणि घरातल्या खोलीत जेमतेम काहीशे. बाहुली लहानमोठी करून डोळे यांपैकी प्रत्येक ठिकाणी जुळवून घेतात आणि आपल्याला वाटतं, ‘इथेही चांगला उजेड आहे की!’ पानाला अशी सोय नाही.

या सगळ्यात बेगोनियाला काय हवं, ते सांगणारा एक नेमका शब्द मराठीत आहे : कवडसा. झाडाच्या पानांतून किंवा कौलाच्या फटीतून उतरलेला उन्हाचा तुकडा. तो एका जागी थांबत नाही. सूर्य सरकतो तसा तोही सरकतो, वाऱ्यानं फांदी हलली की हलतो. पानावर घटकाभर ऊन पडतं, मग सावली येते, मग पुन्हा ऊन. बेगोनियाच्या बहुतेक जाती अशाच उजेडात घडल्या आहेत. त्यामुळे त्याला ‘सावलीतलं झाड’ म्हणण्यापेक्षा कवडशांचं झाड म्हणावं, असं मला वाटतं. हे एक नाव मनात पक्कं बसलं, तर निम्मी निगा आपोआप कळते.

मला ते उशिरा कळलं. पहिला बेगोनिया मी एका डिसेंबरात आणला आणि पश्चिमेच्या गॅलरीत ठेवला. फेब्रुवारीपर्यंत तो फुललेला होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, तीन-चार दिवसांत अर्धं झाड वाळलं. तहान लागली असेल म्हणून मी दोन वेळा पाणी घालू लागले, तर खोड मातीलगत मऊ पडून आडवं झालं. दुसरं रोप आणलं ते धडा घेऊन आत, जिन्याशेजारी ठेवलं. त्याची पेरं लांबली, पानं दाराकडे झुकली, फुलं थांबली. माती मात्र कधी सुकेना. तेही गेलं. पहिलं झाड उन्हानं गेलं आणि दुसरं पाण्यानं, असं मी कितीतरी दिवस मानत होते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा चूक उजेडाचीच होती. पाणी आणि माती यांचा हिशेब उजेडावर ठरतो, हे मला त्या दोन झाडांनी शिकवलं. या पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण पाण्याचं किंवा खताचं नसून उजेडाचं आहे, ते यासाठी.

बेगोनिया हे परदेशी, नाजूक, हौशी लोकांचं झाड आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो घालवायचा असेल, तर श्रावणात महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या घाटात जावं. रस्त्याकडेच्या पाझरणाऱ्या कातळावर, शेवाळाच्या गादीत, वीतभरही उंच नसलेली रसरशीत झाडं दिसतात. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू असमान असलेली तिरकी पानं, कडेला बोथट दाते, वर फिकट गुलाबी फुलं. हा सह्याद्रीतला रानबेगोनिया, शास्त्रीय नाव बेगोनिया क्रेनाटा. पाऊस संपला, कातळ वाळला, की त्याचा वरचा भाग नाहीसा होतो आणि फटीतल्या चिमूटभर मातीत लहानसा कंद पुढच्या मृगाची वाट पाहत राहतो. तो कुठे उगवतो ते नीट पाहिलं, तर निगेचा सगळा धडा तिथेच लिहिलेला सापडतो. कातळाचा उतार असा, की पाणी सतत येतं आणि क्षणभरही साचत नाही. माती बोटभर, पण तीत कुजलेला पाला भरपूर. हवा दमट आणि वाहती. डोक्यावर ढगांचा किंवा झाडांचा आडोसा, पण समोर मोकळं आकाश. आपल्या कुंडीत आपल्याला याच चार गोष्टी उभ्या करायच्या आहेत. एक विनंती मात्र इथेच करते : घाटातलं हे झाड उपटून घरी आणू नये. कातळावरचं ते जग कुंडीत मावत नाही, आणि आणलेलं झाड बहुधा जगत नाही. ते तिथेच पाहावं.

जगभरात बेगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. सपुष्प वनस्पतींतल्या सर्वांत मोठ्या प्रजातींत त्याची गणना होते. अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या तिन्ही खंडांच्या उष्ण पट्ट्यात तो रानात उगवतो. ऑस्ट्रेलियात मात्र मुळातला एकही नाही. त्याच्या नावाची गोष्ट आपल्या अंगणाशी अनपेक्षितपणे जोडलेली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल प्लुमिए हा फ्रेंच धर्मसंन्यासी वनस्पतींच्या शोधात कॅरिबियन बेटांवर हिंडला. तिथे सापडलेल्या या झाडाला त्यानं मिशेल बेगों या वनस्पतिप्रेमी फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव दिलं. पुढे १७५३ साली लिनियसनं तेच नाव कायम केलं. आणि या प्लुमिएचं स्वतःचं नाव ज्या झाडाला मिळालं, ते आपल्या देवळांच्या आवारात उभं आहे : पांढरा चाफा, म्हणजे प्लुमेरिया. एकाच माणसामुळे नाव मिळालेली ही दोन झाडं. चाफ्याला रखरखीत ऊन प्रिय आणि बेगोनियाला कवडसे. मी माझ्या अंगणात चाफ्याखालीच बेगोनियाच्या कुंड्या ठेवते. थंडीत चाफ्याची पानं गळतात आणि कोवळं ऊन खाली उतरतं. उन्हाळ्याबरोबर चाफ्याला पालवी येते आणि नेमकी हवी तेव्हा सावली मिळते.

कमी उजेडात जगण्यासाठी या झाडानं काय काय केलं आहे, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. मलेशियाच्या दाट जंगलात बेगोनिया पॅव्होनिना नावाची जाती आहे. तिची पानं मोरपिसासारखी निळसर चमकतात. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यामागचं कारण उलगडून दाखवलं. पानातल्या काही हरितलवकांची अंतर्गत रचना एकावर एक ठेवलेल्या, समान अंतराच्या पातळ थरांची असते. त्या थरांतून निळा प्रकाश परत फेकला जातो आणि जंगलाच्या तळाशी पोचणारा उरलासुरला हिरवा-तांबडा प्रकाश अधिक चांगला शोषला जातो. सगळ्या बेगोनियांची पानं निळी नसतात, पण मिळेल तो उजेड टिपून घ्यायची त्यांची घडण साधारण याच दिशेची आहे. असं पान मेच्या दुपारी उघड्यावर ठेवलं तर काय होईल? ते नको इतका प्रकाश ओढून घेतं. त्याचं हरितद्रव्य मोडू लागतं, पान आधी फिकट पडतं, मग कडेनं करपतं. खाली मुळंही बारीक आणि मातीच्या वरच्या थरातली. पानांतून उडणारं पाणी ती पुरवू शकत नाहीत. भिजलेल्या मातीतसुद्धा बेगोनिया दुपारी मान टाकतो, तो यामुळे. अशा वेळी पाणी वाढवू नये, कुंडी हलवावी.

सगळे बेगोनिया एका मापाचे नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं. रोपवाटिकेत आपल्याला मुख्यतः चार-पाच प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचं माहेर वेगळं आहे. सर्वांत सोपा तो मेणचट पानांचा, बारमाही फुलणारा वॅक्स बेगोनिया. त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतले. सकाळचं तीन-चार तास ऊन तो आनंदानं घेतो. त्यातही तांबूस-तपकिरी पानांचे वाण हिरव्या पानांच्या वाणांपेक्षा ऊन जास्त सोसतात. दुसरा बांबूसारख्या पेरांचा, उंच वाढणारा केन बेगोनिया. याची पानं पंखाच्या आकाराची, त्यांवर अनेकदा रुपेरी ठिपके, आणि फुलांचे घोस खाली लोंबणारे. कोकणात आणि गोव्यात घराबाहेर वर्षानुवर्षं टिकणारा म्हणून मी त्याचं नाव पहिलं घेईन. तिसरा रेक्स. हा फुलांसाठी नाही, पानांसाठी लावतात. याचं मूळ आपल्याच देशात, आसामच्या बाजूला. १८५० च्या दशकात लंडनला गेलेल्या ऑर्किडच्या खेपेबरोबर तो चुकून युरोपात पोचला आणि त्याच्यापासून रुपेरी, जांभळ्या, तांबड्या पानांचे असंख्य वाण तयार झाले. त्याला ऊन अजिबात नको, उजेड हवा आणि हवेत ओल हवी.

चौथा कंदाचा बेगोनिया. याची फुलं गुलाबाएवढी. त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंड उतारांवरचे. रिचर्ड पिअर्स या इंग्रज संग्राहकानं १८६० च्या दशकात ते युरोपात पाठवले आणि १८७० च्या सुमारास त्यांचे पहिले संकर बाजारात आले. बेल्जियमनं या झाडाचा मोठा व्यवसाय उभारला. ब्रुसेल्सच्या ग्रां-प्लास चौकात १९७१ पासून ऑगस्टमध्ये फुलांचा जो अवाढव्य गालिचा अंथरतात, तो वर्षानुवर्षं प्रामुख्यानं याच बेगोनियाच्या लाखो फुलांचा असे. ती चित्रं पाहून अनेकांना हे कंद मागवण्याचा मोह होतो. दार्जिलिंग, सिमला किंवा उटीच्या थंड हवेत तो रमतो. मुंबई, पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्याकडून फुलांची अपेक्षा धरणं त्याच्यावर अन्याय आहे. पाचवा, डिसेंबर-जानेवारीत भरगच्च फुलांसह विकला जाणारा रीगर बेगोनिया. तो शेवंतीसारखा त्या हंगामापुरता घरी आणावा, डोळे भरून पाहावा आणि उन्हाळ्यात गेला तर स्वतःला दोष देऊ नये.

आता आपल्या उजेडाकडे येऊ, कारण इथे सर्वांत मोठा घोटाळा होतो. बागकामावरची बहुतेक पुस्तकं आणि हल्लीचे व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले असतात. वॅक्स बेगोनिया पूर्ण उन्हातही चालतो, असं त्यांत सांगितलेलं असतं. ते सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं ऊन वेगळं. लंडनमध्ये ऐन जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशच वर चढतो. मुंबईत फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच तो तितका वर असतो, आणि पुढे मेपर्यंत चढतच जातो. म्हणजे त्यांचा ऐन उन्हाळा हा आपला सरता हिवाळा आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी अंगणात भर उन्हात फुललेल्या बेगोनियाचा फोटो पाठवला, तर कौतुक जरूर करावं, अनुकरण मात्र करू नये.

आपल्याकडच्या दिशांचीही एक खुबी आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस मुंबई-पुण्यात ‘शून्य सावली दिवस’ येतो, त्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेच्या बाजूला असतो. म्हणजे ‘उत्तरेकडे ऊन येतच नाही’ असं आपण धरून चालतो, त्या गॅलरीत मेच्या उत्तरार्धात, पाऊस येण्याआधीच्या सर्वांत कडक दिवसांत, ऊन शिरतं. उलट दक्षिणेच्या गॅलरीत मेच्या दुपारी वरच्या स्लॅबची सावली असते आणि डिसेंबरात, सूर्य खाली दक्षिणेला झुकलेला असताना, कोवळं ऊन पार आतपर्यंत येतं. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीला घाबरण्याचं कारण नाही. बेगोनियासाठी सर्वांत चांगली दिशा पूर्व. सकाळचं ऊन प्रखर असलं तरी तेव्हा हवा आणि भिंती गार असतात, पान तापत नाही. सर्वांत अवघड पश्चिम. दुपारनंतरचं ऊन, त्यात दिवसभर तापलेला काँक्रीटचा कठडा सूर्य मावळल्यावरही झळा सोडत राहतो. पश्चिमेशिवाय पर्याय नसेल, तर ५० टक्क्यांची शेडनेट लावावी आणि कुंड्या कठड्यावरून उतरवून खाली, मोठ्या झाडांच्या आडोशाला ठेवाव्यात. मार्च ते मे रेक्ससाठी ७५ टक्क्यांची शेडनेट अधिक बरी.

जागा पारखायला उपकरण लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास तिथे एक पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्या वीतभर वर तळहात धरावा. हाताची सावली काळीभोर आणि रेखीव पडली, तर ते थेट ऊन. सावली दिसते पण कडा पुसट आहेत, तर तो बेगोनियाला हवा तसा उजेड. सावली पडतच नसेल, तर ती जागा बेगोनियाची नाही, मग ती कितीही देखणी असो. ही पारख वर्षातून चार वेळा करावी : जानेवारीत, एप्रिलअखेर, ऐन पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात. कारण जागा तीच राहिली तरी तिथला उजेड बदललेला असतो.

ऑक्टोबरचं नाव मी मुद्दाम घेतलं. उन्हाळ्यात सगळेच सावध असतात. पण पावसाळ्यातल्या चार महिन्यांत, ढगांखाली, बेगोनियाची पानं मऊ, पातळ आणि रसरशीत झालेली असतात. मग दसऱ्याच्या आसपास आकाश एकदम निवळतं आणि ती कोवळी पानं सोलल्यासारखी भाजून निघतात. माझ्या पाहण्यात मेपेक्षा ऑक्टोबरात जास्त बेगोनिया खराब होतात. पाऊस ओसरू लागला, की लगेच कुंड्या आडोशाला घ्याव्यात आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू उन्हाची सवय करावी. नव्या रोपालाही हेच लागू. रोपवाटिकेत ते शेडनेटखाली वाढलेलं असतं. घरी आणल्या दिवशी त्याला उन्हात ठेवणं म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला घाट चढायला लावण्यासारखं आहे.

उजेड जमला, की बाकीची निगा फार नाही. पाण्याचा नियम एकच : मातीत बोटाचं पहिलं पेर घालून पाहावं आणि कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. रोज सकाळी सात वाजता म्हणून सात वाजता घातलेलं पाणी बेगोनियाला मानवत नाही. ज्या जागी उजेड कमी, तिथे झाड पाणी कमी पितं, माती ओली राहते आणि मुळं कुजतात. कमी उजेडातला बेगोनिया शेवटी दगावतो तो अशा पाण्यानं. पाणी बुंध्याशी, सकाळी द्यावं. संध्याकाळी पानांवर शिंतोडे मारू नयेत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, ते मुळांनाही वाईट आणि डासांनाही आमंत्रण. पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखालून काढून वळचणीच्या आत घ्याव्यात. वरून धबाधबा पडणारं पाणी पानं फाडतं आणि उडालेली माती रोग घेऊन येते.

माती भुसभुशीत हवी. देशावरची काळी चिकण माती कुंडीत एकटी कधीच वापरू नये. ती ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, हे मिश्रण मला सगळीकडे उपयोगी पडलं आहे. कुंडी उथळ आणि झाडाच्या मानानं लहानच हवी. रिकाम्या मातीत पाणी साचून राहतं. मातीची कुंडी श्वास घेते म्हणून मला ती आवडते, पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती फार लवकर सुकते, तिथे प्लास्टिकची चालेल. खत थोडं आणि पातळ द्यावं. १९:१९:१९ चं विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा, एवढं पुरतं. शेंडे खुडत राहिलं, तर वॅक्स बेगोनिया भरगच्च होतो. केन बेगोनियाचं उंच, उघडं पडलेलं खोड पावसाळ्याच्या तोंडाशी निर्धास्त छाटावं. छाटलेल्या प्रत्येक फाट्याचं नवं रोप होतं. रेक्सचं तर एक पान, शिरांना छेद देऊन ओलसर कोकोपीटवर टेकवून ठेवलं, तरी त्याला पिल्लं फुटतात. हे एकदा तरी मुलांना करून दाखवावं.

रोग-किडींबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. इथे इतकंच सांगते, की थंडीत पानांवर पिठासारखी भुरी दिसली, तर आधी कुंड्या एकमेकींपासून लांब कराव्यात आणि दूषित पानं काढून टाकावीत. हवा खेळू लागली की निम्मा रोग थांबतो. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढता येतो. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचाव्यात. घरात मांजर किंवा कुत्रा असेल, तर कुंड्या त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. बेगोनियाच्या रसात, विशेषतः कंदात, ऑक्झॅलेट असतात आणि ते त्यांना बाधतात.

आपल्याकडे एकच सल्ला सगळीकडे चालत नाही, याची जाणीव ही पुस्तिका लिहिताना मी सतत ठेवली आहे. कोकण आणि गोव्यात हवा दमट, उन्हाळा तुलनेनं सौम्य. तिथे ओटीवर, पडवीत, गोव्याच्या घरांच्या बाल्कांवात केन बेगोनिया वर्षभर राहतो, काळजी घ्यायची ती पावसाच्या माऱ्याची. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे खरी कसोटी मार्च ते मेमधल्या कोरड्या हवेची. तिथे कुंड्या एकत्र घोळक्यानं ठेवल्या, तर एकमेकींच्या ओलाव्यात त्या तग धरतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे बेगोनिया हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं झाड मानावं. फाटे काढून घराच्या सर्वांत गार, उजेडाच्या कोपऱ्यात जपावेत आणि पाऊस पडला की पुन्हा बाहेर आणावेत. पुढची प्रकरणं या तीन विभागांप्रमाणे मांडली आहेत. वाचकानं आपला विभाग आधी वाचावा, बाकीचे सवडीनं.

ही माहिती माझी एकटीची नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात आणि मुंबईच्या राणीच्या बागेतल्या प्रदर्शनात वर्षानुवर्षं भेटलेल्या हौशी मंडळींनी मला आपापल्या गॅलरीतली गुपितं मोकळेपणानं सांगितली. रोपवाटिकांत वाकून काम करणाऱ्या बायकांनी फाटा कुठे कापायचा आणि किती खोल खोचायचा, ते माझ्या हातात कात्री देऊन शिकवलं. त्यांच्यातल्या कोणीही प्रकाश मोजला नव्हता. कुंडी कुठे सरकवायची, ते त्यांना पानाच्या रंगावरून कळत होतं. ती नजर शब्दांत उतरवण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात काही बरं असेल, तर श्रेय त्यांचं.

वाचकाला एकच मागणं आहे. रोप विकत घेण्याआधी एक रविवार आपल्या अंगणाला किंवा गॅलरीला द्या. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला, तिथे ऊन कुठे पडतं ते पाहा. कवडसा कुठून शिरतो, कुठे थांबतो आणि कुठे पुसला जातो, ते खडूनं जमिनीवर आखून ठेवा. सकाळी जिथे ऊन होतं आणि दुपारी नव्हतं, तिथे बेगोनियाची पहिली कुंडी ठेवा.